वनस्पतींची जननिक अभियांत्रिकी

वनस्पतींची जननिक अभियांत्रिकी : एखाद्या जीवातील विशिष्ट गुणधर्म ठरविणारा जीन (आनुवंशिकतेचे एकक, जनुक) अलग करून तो वनस्पतीच्या कोशिकेत (पेशीत) घालणे आणि त्या कोशिकेपासून तो गुणधर्म पुढील पिढ्यांत नेणारी पूर्ण वनस्पती वाढविणे, या तंत्राला वनस्पतींची जननिक अभियांत्रिकी म्हणतात. अशा रीतीने तयार केलेल्या वनस्पतीस परजीनी वा जनुकीय सुधारित वनस्पती ही संज्ञा आहे. शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘जीएम’ व कापसाच्या बाबतीत ‘बीटी’ ही संक्षिप्त नावे रूढ झाली आहेत.

पिकांत सुधारणा करण्याच्या पूर्वीच्या पद्धतींहून हे तंत्र दोन बाबतींत निराळे आहे. निवड व संकर या पद्धतींत एकाच जातीतील किंवा निकटच्या जातींतील वनस्पतींचाच उपयोग करता येतो. तसेच संकरात दोन्ही जनकांचे हजारो जीन एकत्र येत असल्याने नको असलेले गुणधर्म काढून टाकण्यास अनेक पिढ्या लागतात. उत्परिवर्तन पद्धतीत क्ष-किरण, गॅमा किरण इत्यादींच्या योगाने वनस्पतीच्या स्वतःच्याच जीनांत बदल घडवून आणतात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने भुईमुगाचे ‘टीजी’ मालिकेतील वाण याच मार्गाने मिळविले. त्यांत परका जीन नसल्याने ते परजीनी ठरत नाहीत. जननिक अभियांत्रिकीत मात्र सूक्ष्मजंतू, व्हायरस, प्राणी किंवा दूरची वनस्पती यांपैकी कोणाचाही निवडक जीन पिकात आणता येतो.

महाराष्ट्रात या तंत्राचा शेतीशी संबंध मुख्यतः कापसाच्या द्वारे आला. राज्यात सुमारे ४० लाख हेक्टर क्षेत्र कापसाखाली असून त्यातील बहुतांश कोरडवाहू आहे. सन २००२ पासून तेथे आलेल्या अनुभवावरून असे दिसते की, घातलेला जीन एका विशिष्ट गुणधर्मापुरताच असतो. तो शेतकऱ्यास किती उपयोगी पडेल व किती काळ टिकेल, हे तो कोणत्या वाणात घातला, ते वाण कोणत्या जमिनीत लावले व ज्या किडीविरुद्ध तो आहे त्या किडीचे व्यवस्थापन कसे केले यांवर अवलंबून असते. म्हणून प्रस्तुत नोंदीत तंत्राच्या वर्णनाबरोबर कापसाच्या उदाहरणाचा विस्ताराने विचार केला आहे.

इतिहास : आनुवंशिक माहिती डीएनए या न्यूक्लिइक अम्लात साठविलेली असते, हे १९४४ मध्ये ॲव्हरी व त्यांचे सहकारी यांच्या प्रयोगांवरून स्पष्ट झाले. वॉटसन व क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएच्या रेणूची दुहेरी सर्पिलाकार संरचना मांडली. डीएनए ठराविक ठिकाणी कापणारी एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) १९७० च्या सुमारास उपलब्ध झाली आणि १९७३ मध्ये कोएन व बॉयर यांनी दोन भिन्न उगमांचे डीएनए जोडून ते सूक्ष्मजंतूत वाढवून दाखविले.

वनस्पतींत जीन घालण्याचा मार्ग एका रोगाच्या अभ्यासातून सापडला. द्राक्ष, गुलाब, फळझाडे इत्यादींच्या खोडाच्या बुंध्याशी गाठी येतात. ॲग्रोबॅक्टिरियम ट्युमिफेशियन्स या जमिनीतील सूक्ष्मजंतूमुळे हा रोग होतो, हे १९०७ मध्ये दाखविण्यात आले. या सूक्ष्मजंतूत गुणसूत्राव्यतिरिक्त डीएनएचे एक मोठे वलय (प्लाझ्मिड) असते, असे १९७४ मध्ये बेल्जियममधील गेंट येथे शेल व व्हॅन मॉन्टेग्यू यांच्या गटास आढळले. या वलयाचा एक तुकडा वनस्पतीच्या गुणसूत्रात जाऊन बसतो, हे १९७७ मध्ये अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केले. म्हणजे जीन एका सृष्टीतून दुसऱ्या सृष्टीत नेण्याचे कार्य निसर्गात आधीपासूनच चालू होते. गाठ उत्पन्न करणारे जीन काढून त्यांच्या जागी इष्ट जीन ठेवला की सूक्ष्मजंतू तो वनस्पतीत पोहोचवितो, या तत्त्वावर १९८३ मध्ये पहिल्या परजीनी वनस्पती तयार झाल्या. अमेरिकेत १९९४ मध्ये उशिरा मऊ पडणारा टोमॅटो बाजारात आला आणि १९९६ पासून तेथे परजीनी सोयाबीन, मका व कापूस यांची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली. जगात २०१९ मध्ये परजीनी पिकांखाली सुमारे १९ कोटी हेक्टर क्षेत्र होते.

पद्धती : परजीनी वनस्पती तयार करण्याचे काम पुढील टप्प्यांनी होते.

(१) जीनाची जुळणी : इष्ट जीन अलग करून त्याच्या आधी प्रवर्तक व शेवटी समापक असे डीएनएचे तुकडे जोडतात. जीन कोणत्या अवयवात, केव्हा व किती प्रमाणात कार्य करील हे प्रवर्तकावर अवलंबून असते. फुलकोबीवरील एका व्हायरसाचा प्रवर्तक बहुतेक सर्व अवयवांत कार्यशील राहत असल्याने तो पुष्कळ वापरला गेला आहे. याशिवाय जीन ज्या कोशिकांत शिरला त्या ओळखता याव्यात म्हणून एक खूणदर्शक जीन जोडतात. कानामायसीन या प्रतिजैव औषधाला (अँटिबायॉटिकाला) दाद न देणारा जीन या कामी सुरुवातीच्या काळात सर्रास वापरीत.

(२) जीनाचा प्रवेश : यासाठी ॲग्रोबॅक्टिरियम हे मुख्य साधन आहे. पाने, बीजपत्राधर (बीजदलांखालील खोडाचा भाग) इत्यादींचे तुकडे सूक्ष्मजंतूच्या द्रावात बुडवून काही दिवस ठेवतात. गहू, मका, भात इ. एकदलिकित वनस्पतींवर ही पद्धत प्रथम लागू पडत नव्हती. त्यांच्यासाठी १९८७ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड व त्यांचे सहकारी यांनी जीन-बंदुकीची पद्धत पुढे आणली. तीत डीएनएचा लेप दिलेले सोने वा टंगस्टन यांचे सूक्ष्म कण अतिशय वेगाने कोशिकांत घुसवितात. कोशिकाभित्ती काढून टाकलेल्या कोशिकांना विद्युत् स्पंद देऊन डीएनए आत घेण्यास लावणे, ही तिसरी पद्धत होय.

(३) वनस्पतीचे पुनर्जनन : जीन शिरलेल्या कोशिका निवडून ऊतक संवर्धनाने (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहाच्या कृत्रिम माध्यमातील वाढीने) त्यांपासून रोपे तयार करतात [→ ऊतक संवर्धन]. या टप्प्यावर पुष्कळदा अडचण येते, कारण सर्व वाणांच्या कोशिका पूर्ण रोप देत नाहीत. कापसात ‘कोकर’ या अमेरिकन वाणापासून रोपे सहज मिळत असल्याने जीन प्रथम त्यातच घालण्यात आला.

(४) निवड व प्रत्यावर्ती संकर : जीन गुणसूत्रात कोठे बसेल यावर पूर्ण नियंत्रण नसते. म्हणून शेकडो रोपांतून जीन एकाच जागी नीट बसलेले व स्थिर वंशक्रम दाखविणारे रोप निवडतात. पुढे त्याचा स्थानिक वाणाशी पुनःपुन्हा संकर करून मूळ वाणाचे सर्व गुण व तो एक जीन असलेली संतती मिळवितात. त्यामुळे परजीनी पिकाची उत्पादनक्षमता, कालावधी, पाण्याची गरज इ. बाबी ज्या वाणात जीन आणला त्याच्याच असतात. जीनाने त्या बदलत नाहीत.

उपयोग : प्रत्यक्ष लागवडीत आलेल्या परजीनी पिकांत दोन गुणधर्म प्रमुख आहेत. पहिला कीटकरोधकता व दुसरा तणनाशक-सहिष्णुता. दुसऱ्या प्रकारात ग्लायफोसेटासारखे तणनाशक पिकावर फवारले असता तण मरते व पीक वाचते. व्हायरसरोधी पपई १९९८ मध्ये हवाई बेटांत लागवडीस आली व वलयी ठिपक्यांच्या रोगाने संकटात आलेली तेथील पपईची शेती त्यामुळे टिकून राहिली. पोषणमूल्य वाढविण्याच्या दृष्टीने पोट्रायकुस व बायर यांनी २००० मध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाचा पूर्वद्रव्यरूप घटक (बीटा-कॅरोटीन) दाण्यात तयार करणारा भात जाहीर केला. मोहरीत परागकण निर्माण न होणारी मादी ओळ व तिची प्रजननक्षमता परत आणणारी नर ओळ तयार करून संकरित बी काढणे हाही एक उपयोग असून दिल्ली विद्यापीठातील ‘डीएमएच-११’ हा संकर त्याचे उदाहरण होय.

केळीसारख्या पिकाच्या बाबतीत या तंत्राला विशेष स्थान आहे. लागवडीतील केळी बहुधा त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) व बीजहीन असल्याने संकराने तीत सुधारणा करणे फार अवघड असते. वसई-विरार भागात सुकेळी तयार करण्यासाठी वापरण्यात येणारी राजेळी ही त्यांपैकीच असून तिची वाढ मुनव्यांपासून करतात. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात केळीच्या भ्रूणजनक कोशिकांत ॲग्रोबॅक्टिरियमाच्या साहाय्याने जीन घालण्याचे काम झाले आहे. मर रोगाच्या ‘उष्ण कटिबंधीय वंश ४’ या प्रकारास प्रतिकार करणारी परजीनी केळ ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये संमत झाली. तीत रानटी केळीतील जीन आहे. बीजहीन केळीपासून परागाद्वारे जीन इतरत्र पसरण्याची भीती जवळजवळ नसते. मात्र एकाच वाणाच्या अभिवृद्धीने सर्व बागा सारख्या होऊन नव्या रोगास एकदम बळी पडण्याचा धोका कायम राहतो.

महाराष्ट्रातील बीटी कापूस : भारतात कापसाच्या चार जाती लागवडीत आहेत. गॉसिपियम आर्बोरियम व गॉ. हर्बेशियम या देशी जातींत २६ गुणसूत्रे, तर गॉ. हिर्सुटम व गॉ. बार्बाडेन्स या अमेरिकी उगमाच्या जातींत ५२ गुणसूत्रे असतात [→ कापूस]. सुरत येथे १९७० मध्ये तयार झालेल्या ‘एच-४’ या संकरानंतर भारतात संकरित कापसाचे युग सुरू झाले. नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राचा ‘एनएचएच-४४’ हा संकर महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतीत फार लोकप्रिय झाला. लांब धाग्याच्या या संकरांबरोबर खतांचा वापर व फवारण्याही वाढल्या. हिरवी (अमेरिकन), ठिपक्यांची व शेंदरी (गुलाबी) या तीन बोंडअळ्या पाते, फुले व बोंडे पोखरतात. त्यांतील हिरवी बोंडअळी १९९० नंतर बहुतेक प्रचलित कीटकनाशकांना दाद देईनाशी झाली.

बीटी हे नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस या सूक्ष्मजंतूवरून आले आहे. जपानमध्ये १९०१ साली रेशीमकिड्यांच्या रोगाचे कारण म्हणून त्याचा शोध लागला आणि जर्मनीतील थुरिंजिया प्रांतात सापडलेल्या नमुन्यावरून पुढे त्याचे नामकरण झाले. तो स्फटिकरूप प्रथिने तयार करतो. अळीच्या मध्यांत्रातील क्षारीय (अल्कधर्मी) रसात स्फटिक विरघळतात, एंझाइमांनी प्रथिन क्रियाशील होते, ते आंत्राच्या अस्तरावरील विशिष्ट ग्राहींना चिकटते व तेथे छिद्रे पडतात. अळीचे खाणे थांबते व ती काही दिवसांत मरते. सस्तन प्राण्यांच्या जठरातील रस अम्लीय असून त्यांच्या आंत्रात हे ग्राही नसल्याने त्यांच्यावर असा परिणाम होत नाही. मावा, तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडींवरही या प्रथिनाचा परिणाम होत नाही, ही गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

जालना येथील महिको या बियाणे कंपनीने अमेरिकेतील मॉन्सँटो कंपनीकडून ‘क्राय १ एसी’ हा जीन असलेला कापूस मिळवून तो आपल्या संकरांच्या जनकांत आणला. या संकरांच्या चाचण्या चालू असतानाच २००१ मध्ये गुजरातेत संमतीविना बीटी कापूस पेरला गेल्याचे उघडकीस आले. केंद्रीय जननिक अभियांत्रिकी संमती समितीने २६ मार्च २००२ रोजी ‘मेक-१२’, ‘मेक-१६२’ व ‘मेक-१८४’ या तीन संकरांच्या लागवडीस मान्यता दिली. त्यानंतर २००६ मध्ये ‘क्राय १ एसी’ व ‘क्राय २ एबी’ हे दोन जीन असलेल्या ‘बोलगार्ड-२’ संकरांना मान्यता मिळाली. दशकभरात देशातील कापसाच्या ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी संकर पसरले.

उत्पादनावरील परिणाम : देशातील कापसाचे उत्पादन २००१-०२ मध्ये सुमारे १५८ लाख गाठी (प्रत्येकी १७० किग्रॅ.) होते. ते २००७-०८ मध्ये ३०० लाख गाठींच्या वर गेले. याच काळात दर हेक्टरी रुईचे उत्पादन सुमारे ३०८ किग्रॅ. वरून सुमारे ५५० किग्रॅ. झाले. बोंडअळ्यांमुळे होणारे नुकसान टळल्याचा यात निश्चित वाटा आहे. तथापि गुजरातेतील सिंचनाची वाढ, नवी कीटकनाशके, वाढलेली खते व नव्या संकरांचा प्रसार या गोष्टीही त्याच काळात घडल्याने सर्व वाढ एका जीनाच्या नावे मांडणे योग्य नाही. त्यानंतर उत्पादकता त्या वेगाने वाढली नाही. महाराष्ट्राची उत्पादकता तर देशाच्या सरासरीपेक्षा सातत्याने कमी राहिली.

याचे कारण जमीन व वाणाचा कालावधी यांत आहे. विदर्भ व मराठवाडा येथील उथळ व मध्यम काळ्या जमिनीत पाऊस संपल्यानंतर ओल फार दिवस टिकत नाही. प्रचलित संकर १६० ते १८० दिवसांचे व त्याहून अधिक काळाचे असल्याने बोंडे भरण्याच्या ऐन वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पिकास ओलीचा ताण पडतो. संकरित बी महाग असल्यामुळे शेतकरी ते विरळ लावतो व कमी झाडांपासून अधिक बोंडे मिळण्याची वाट पाहतो. ऑस्ट्रेलिया, ब्राझील इ. देशांत बीटी जीन सरळ वाणांत असून आटोपशीर झाडांची दाट लागवड करतात. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने (स्थापना १९७६) कमी कालावधीच्या वाणांची सघन लागवड सुचविली ती याच विचाराने. बीटी जीन असलेले ‘बिकानेरी नरमा’ हे सरळ वाण सार्वजनिक संस्थांनी तयार केले होते व त्याचे बी शेतकऱ्यास स्वतः राखता आले असते. २००९ मध्ये ते लागवडीस आले. परंतु त्यात खाजगी कंपनीच्या जीनरचनेची भेसळ आढळल्याने ते मागे घ्यावे लागले.

शेंदरी बोंडअळीची प्रतिकारक्षमता : किडीच्या समुदायात प्रथिनास दाद न देणाऱ्या अळ्या आरंभी अतिशय विरळ असतात. सर्व शेतात बीटी कापूसच असेल तर फक्त त्याच जगतात, त्यांचा आपसांत समागम होतो व काही वर्षांत समुदाय बदलतो. हे टाळण्यासाठी बीटी पिकाभोवती बिगर-बीटी कापसाचा ‘आश्रयपट्टा’ ठेवण्याची अट होती. त्यातून निपजणारे संवेदनशील पतंग विरळ प्रतिकारक्षम पतंगांशी समागम करतात व त्यांची मिश्र संतती बीटी झाडावर मरते, अशी यामागील कल्पना होती. पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढा हा पट्टा ठेवावयाचा होता व त्यासाठी ४५० ग्रॅ. बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅ. बिगर-बीटी बी दिले जाई. दोन-चार एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यास पाचवा हिस्सा अळीसाठी सोडणे परवडणारे नव्हते. त्यामुळे हे बी बहुतेक ठिकाणी पेरले गेले नाही. पुढे बिगर-बीटी बी त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली.

हिरवी बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. त्यामुळे ही पिके तिच्याबाबत आपोआप आश्रयपट्ट्याचे काम करतात. शेंदरी बोंडअळी (शास्त्रीय नाव पेक्टिनोफोरा गॉसिपिएला) जवळजवळ केवळ कापसावर जगते व बोंडाच्या आत राहून सरकी खाते. तिच्या बाबतीत संकरित बियाण्याचा आणखी एक परिणाम विचारात घ्यावा लागतो. संकरित झाडाच्या बोंडातील सरकी ही पुढील पिढी असते. दोन्ही जीन एका जनकाकडून आलेले असतील, तर मेंडेल यांच्या नियमाप्रमाणे दर १६ बियांत सरासरीने ९ बियांत दोन्ही प्रथिने, ६ बियांत कोणते तरी एक व एका बीत एकही प्रथिन नसते. एकाच बोंडात अळीला असे कमी-अधिक विषारी खाद्य मिळाल्याने प्रतिकारक्षमता लवकर वाढते, असे काही तज्ञांचे मत आहे. पीक जुने होऊ लागल्यावर झाडातील प्रथिनाचे प्रमाणही घटते. पाणी देऊन जानेवारी-फेब्रुवारीनंतरही पीक उभे ठेवण्याच्या पद्धतीने (फरदड) अळीला वर्षभर खाद्य मिळते व बोंडातील सरकीतून ती सूतगिरण्या व जिनिंग कारखाने यांच्या आवारात पोहोचते.

गुजरातेत ‘क्राय १ एसी’ला दाद न देणारी शेंदरी बोंडअळी आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढील काही वर्षांत तिने दुसऱ्या प्रथिनावरही मात केली. महाराष्ट्रात २०१७ च्या हंगामात तिचा उद्रेक होऊन विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील पीक मोठ्या प्रमाणावर गेले. न उमलता गुंडाळलेले फूल (डोमकळी) हे तिचे शेतात दिसणारे पहिले लक्षण होय. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. फवारणी कमी व्हावी म्हणून आणलेल्या पिकावर फवारणी पुन्हा वाढल्याचे हे द्योतक होते. वेळेवर पेरणी, डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाट्या नष्ट करणे, फरदड न घेणे, कामगंध सापळे लावणे व डोमकळ्या वेचून नष्ट करणे हे उपाय सुचविण्यात येतात. ते एकट्या शेतकऱ्याने करून भागत नाही. पतंग शेजारच्या शेतातून येत असल्याने सबंध गावाने ते एकाच वेळी करावे लागतात.

बियाण्याचा प्रश्न : संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. बीटी बियाण्याच्या पाकिटाची किंमत आरंभी सुमारे १,६०० रु. होती. राज्यांच्या हस्तक्षेपानंतर ती निम्म्यावर आली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या विक्रीकिंमतीसंबंधी स्वतंत्र कायदा केला व २०१५ मध्ये केंद्र शासनाने देशभरासाठी किंमत नियंत्रण आदेश काढला. विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या बीटी कापसाच्या आधीपासून होत असल्याने त्यांचे कारण केवळ या बियाण्यात शोधता येत नाही. परंतु कोरडवाहू शेतीत बी, खते व फवारणी यांचा आगाऊ खर्च वाढला की पाऊस चुकल्यावर होणारे नुकसानही वाढते, हे खरे आहे. दुसरीकडे, निंदणीच्या मजुरीचा खर्च वाढल्यामुळे तणनाशक-सहिष्णु कापसाचे संमती नसलेले बी राज्यात पसरले. अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून तंत्रज्ञान-स्वातंत्र्याची मागणी केली. असे बी कोठून आले व त्यात कोणता जीन आहे याची हमी नसते आणि नुकसान झाल्यास शेतकऱ्यास दाद मागता येत नाही. निंदणीवर जगणाऱ्या शेतमजूर स्त्रियांच्या रोजगाराचा प्रश्नही या गुणधर्माशी निगडित आहे.

धोके : परजीनी पिकांचे धोके प्रत्येक पीक, जीन व प्रदेश यांनुसार निराळे असल्याने त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

(१) आरोग्यविषयक : नवे प्रथिन विषारी किंवा अधिहर्षता (ॲलर्जी) उत्पन्न करणारे नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. ब्राझील नटमधील प्रथिनाचा जीन सोयाबीनमध्ये घातला असता अधिहर्षताही सोबत आल्याचे १९९६ मध्ये चाचणीत दिसून आले व ते वाण बाजारात आणले गेले नाही. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये घेतलेल्या आढाव्यात प्रचलित परजीनी अन्न इतर अन्नाहून अधिक धोकादायक असल्याचा पुरावा आढळला नाही. मात्र हा निष्कर्ष तपासलेल्या पिकांपुरता असून नव्या पिकाची चाचणी त्यामुळे टळत नाही. महाराष्ट्रात सरकीचे तेल खाण्यात व पेंड गुरांच्या खाद्यात असल्याने कापूसही या दृष्टीने केवळ धाग्याचे पीक नव्हे.

(२) पर्यावरणविषयक : परागाद्वारे जीन रानटी किंवा स्थानिक जातींत जाणे, प्रतिकारक्षम किडी व तणे निर्माण होणे, मुख्य कीड हटल्यावर दुय्यम किडी बळावणे आणि स्थानिक वाण नाहीसे होणे हे यांतील प्रमुख धोके होत. गुणसूत्रांची संख्या भिन्न असल्याने अमेरिकन बीटी कापसातून देशी कापसात जीन सहजासहजी जात नाही. तथापि रस शोषणाऱ्या किडींना बऱ्यापैकी तोंड देणारे देशी कापसाचे वाण लागवडीतून जवळजवळ गेले. ही हानी जीनाच्या संक्रमणाने झालेली नाही, ती बाजाराच्या ओघाने झाली. वांग्याच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. भारत हे वांग्याच्या विविधतेचे केंद्र असून जळगावच्या भरिताच्या वांग्यासारखे असंख्य स्थानिक प्रकार येथे आहेत. महिकोने तयार केलेल्या बीटी वांग्यास संमती समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये अनुकूलता दर्शविली. परंतु नागपूरसह सात शहरांत झालेल्या जाहीर सुनावण्यांनंतर ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी त्यास स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र ते २०१४ पासून लागवडीत आहे.

(३) आर्थिक व सामाजिक : जीन व पद्धती यांचे एकस्व (पेटंट) थोड्या कंपन्यांकडे एकवटल्यास बियाण्याची निवड व किंमत त्यांच्या हाती जाते. भारताच्या २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास बी राखण्याचा व देवघेवीचा हक्क दिला आहे. जेथे संकरित बियाण्याशिवाय पर्याय उरत नाही, तेथे या हक्काचा उपयोग मर्यादित राहतो.

नियमन : भारतात १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार परजीनी वनस्पतींचे नियमन होते. प्रयोगशाळा व लहान चाचण्या यांची तपासणी जैवतंत्रज्ञान विभागाची पुनरीक्षण समिती करते, तर लागवडीसंबंधीचा विचार पर्यावरण मंत्रालयाची जननिक अभियांत्रिकी समिती करते. हिच्या नावातील ‘संमती’ शब्दाऐवजी २०१० मध्ये ‘मूल्यांकन’ हा शब्द आला. ‘डीएमएच-११’ मोहरीस ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मुक्ततेची परवानगी मिळाली. तिच्याविरुद्धच्या याचिकांवर २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरुद्ध निर्णय दिले.

जीन संपादन : परका जीन न घालता वनस्पतीच्या स्वतःच्याच डीएनएत नेमक्या जागी बदल करण्याचे साधन शार्पांत्ये व डाउडना यांच्या २०१२ मधील संशोधनातून उपलब्ध झाले. त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परका डीएनए शिल्लक नसलेल्या अशा वनस्पतींना भारताने मार्च २०२२ मध्ये वरील नियमांतील काही तरतुदींतून सूट दिली आणि ४ मे २०२५ रोजी ‘कमला’ व ‘पुसा डीएसटी राइस १’ हे भाताचे दोन संपादित वाण जाहीर करण्यात आले. अशी वाणे सरळ असल्यास शेतकऱ्यास बी राखता येते. मात्र कीड वा रोग यांची प्रतिकारक्षमता, वाणाचा जमिनीशी मेळ आणि गावपातळीवरील सामुदायिक व्यवस्थापन हे कापसात निर्माण झालेले प्रश्न याही तंत्राला लागू आहेत. बी शेतकऱ्यास देतानाच त्यांची तरतूद करावी लागते.